आम्ही सगळे पापी, मी सोडून

परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक मित्र डबा उघडता उघडता म्हणाला, "तुमचं ख्रिस्ती लोकांचं बरं आहे बुवा. पाप करायचं, चर्चमध्ये जाऊन कबूल करायचं, की खातं कोरं. आम्हाला मात्र पुढच्या जन्मापर्यंत फेडत बसावं लागतं." सगळे हसले. मीही हसलो.

खरं म्हणजे माझ्याकडे उत्तर तयार होतं. क्षमा फुकट असली तरी स्वस्त नसते, पश्चात्ताप म्हणजे नुसतं सॉरी नव्हे, वगैरे. लहानपणापासून संडेस्कूलात घोटलेलं. पण त्या दिवशी ते घशातच अडकलं. धर्माबद्दल तो चुकत होता, पण माझ्याबद्दल चुकत नव्हता. आणि माझ्याबद्दल म्हणजे आमच्याबद्दलही. आज त्यावरच लिहितोय. आमच्यातल्या काही मंडळींना हे आवडणार नाही. नातेवाइकांपैकी काहींना तर अजिबातच नाही. त्यांना विनंती एवढीच, की शेवटपर्यंत वाचा आणि मग फोन करा.

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी उपासनेत पापांगीकार होतो. (इतर वाचकांसाठी: सगळ्यांनी मिळून, छापील शब्दांत, देवापुढे पापांची कबुली देणं.) ही प्रथा जुनी आहे. इंग्लंडच्या चर्चने १५५२ च्या प्रार्थनापुस्तकात सकाळच्या उपासनेत सर्वांनी एकत्र म्हणायची कबुली घातली. मिशनऱ्यांबरोबर तसल्या प्रार्थना आपल्याकडे आल्या आणि मराठीत रुळल्या. शब्द सुंदर आहेत, मी त्यांच्याविरुद्ध नाही. पण एका रविवारी मी घड्याळ लावून पाहिलं. आमची कबुली एक मिनिटाच्या आत संपते. त्या मिनिटात माझ्या शेजारचे काका चष्मा पुसतात, मागच्या बाकावर एक बाळ रडतं, आणि मी वर्गणीचं पाकीट कुठल्या खिशात ठेवलंय ते चाचपतो. कबुलीतला कर्ता नेहमी 'आम्ही'. या 'आम्ही'मध्ये दोनशे माणसं लपतात. आम्ही चुकलो, आम्ही भटकलो. मी? मी कुठे काय केलंय?

कॅथलिक मंडळींनी इथे हसू नये. तुमच्याकडे प्रार्थनेत 'मी' आहे आणि फादरांपुढे गुडघे टेकायची सोयही आहे. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन केलंच पाहिजे, असं चर्चने १२१५ साली लॅटरनच्या परिषदेत ठरवून टाकलं. पण माझे वसईचे मित्रच सांगतात, की ईस्टरच्या आधी रांगेत उभं राहायचं आणि शाळेत पाठ केलेली तीच यादी म्हणायची: रागावलो, खोटं बोललो, प्रार्थना चुकवली. चाळिशीतल्या माणसाची यादी आणि चौथीतल्या पोराची यादी एकच! दोघांचं आयुष्य एकच आहे का?

यादीवरून आठवलं. आम्हा मराठी प्रोटेस्टंटांची पापांची एक अलिखित यादी आहे: दारू, सिगारेट, पत्ते. पूर्वी सिनेमाही होता, तो टीव्हीबरोबर गळाला. या यादीची गंमत अशी, की तिच्यातलं प्रत्येक पाप दुसऱ्याच्या तोंडाला वास घेऊन किंवा हातातल्या पत्त्यांवरून पकडता येतं. जे वासाने पकडता येत नाही ते यादीत नाही. सोयरिकीच्या वेळी हळूच "मूळचे कोण?" विचारणं यादीत नाही. पिढ्यानपिढ्या एकाच प्यालातून प्रभुभोजन घ्यायचं आणि लग्न ठरवताना आजोबा-पणजोबांची जात काढायची, हे आमच्यात होतं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि यावर उपदेश मी आयुष्यात एकदाच ऐकला. भांडीवालीचा खाडा धरणं यादीत नाही. बहिणीचा वाटा खाणं यादीत नाही. (याकडे परत येतोच.)

मग साक्षीच्या सभा. कोणीतरी उभं राहतं आणि सांगतं, "मी पूर्वी फार पापी होतो." काळ नेहमी भूतकाळ. पाप असं, की आता त्याचं कोणाला काही देणं लागत नाही. दारू सोडली, प्रभूची स्तुती असो, हालेलूया. त्या माणसाचा मला आदर आहे, दारू सोडणं सोपं नाही. पण "गेल्या मंगळवारी मी भावाविषयी मुद्दाम खोटं पसरवलं आणि अजून ते निस्तरलं नाही," अशी साक्ष कोणी ऐकली आहे का? मी तरी नाही. चालू महिन्यातलं पाप सांगणारा माणूस सभेत उठलाच, तर अर्धे लोक पाळकसाहेबांकडे बघतील आणि उरलेले अर्धे घरी जाऊन फोन लावतील.

उपदेशकांनीही आम्हाला एक छान पळवाट दिली आहे. पापाला नव्या करारात जो ग्रीक शब्द आहे, हामार्तिया, त्याचा मूळ अर्थ 'नेम चुकणे', हे मी किमान पन्नास उपदेशांत ऐकलंय. शब्दाची व्युत्पत्ती खरी आहे. पण ती सांगताना सूर असा लागतो, की पाप म्हणजे तिरंदाजीच्या स्पर्धेत झालेला किरकोळ घोटाळा. बिचाऱ्याने प्रयत्न केला, बाण जरा बाजूला गेला. मग दावीद राजाचं काय करायचं? त्याने बथशेबेला घरी आणलं, ती गरोदर राहिली, प्रकरण झाकेना, तेव्हा तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत तोंडाशी उभं करून मारायचा हुकूम काढला, आणि ते पत्र उरीयाच्याच हाती दिलं. तटावरून धनुर्धाऱ्यांनी बाण मारले आणि उरीया मेला. कुठे चुकला नेम? बाण बरोबर लागला. पाप बहुतेक वेळा असंच असतं. आपल्याला जे हवं असतं ते मिळतं, कागदपत्र व्यवस्थित असतात, आणि मेलेला माणूस काही बोलत नाही.

नाथान संदेष्टा आला तेव्हा त्याने दावीदाला पापावर प्रवचन दिलं नाही. एका गरिबाच्या एकुलत्या एक कोकराची गोष्ट सांगितली. दावीद भडकला, म्हणाला त्या श्रीमंताने चौपट भरून दिलं पाहिजे. दुसऱ्याचं पाप आपल्याला किती स्वच्छ दिसतं बघा! आणि तेव्हा नाथानाने बोट दाखवलं. आमच्या कबुलीत नेमकं तेच बोट गायब आहे.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, एकेक घेऊ या.

पहिला आक्षेप: "चर्चने लोकांना आधीच खूप अपराधी वाटायला लावलंय. आता जरा प्रेमावर बोला." यात तथ्य आहे. पोरांना नरकाची भीती घालून वाढवणारी घरं मी पाहिली आहेत. पण अपराधगंड आणि पापाची जाणीव या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अपराधगंड म्हणतो, मी वाईट आहे, आणि तिथेच कुरवाळत बसतो. पापाची जाणीव म्हणते, मी अमुक तारखेला अमुक माणसाशी असं वागलो, आणि चपला घालून त्या माणसाच्या घरी निघते. पहिला कधी संपत नाही, कारण त्याला काही करायचंच नसतं. गंमत म्हणजे, "मी किती वाईट आहे" असं म्हणत रडणारा माणूस बऱ्याचदा एकही विशिष्ट गोष्ट कबूल करत नाही.

दुसरा आक्षेप आमच्या तरुण, वाचणाऱ्या मित्रांचा: "वैयक्तिक पाप काय घेऊन बसलात? खरं पाप व्यवस्थेत आहे. जात, पितृसत्ता, भांडवल." मी याच्याशी सहमत आहे, म्हणूनच विचारतो, व्यवस्था सही कोणाच्या पेनाने करते? आणि जरा पंडिता रमाबाईंकडे बघा. व्यवस्थेशी त्यांच्याइतकं कोण लढलं? १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, बालविधवांना शिकवलं, १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली गोळा करून केडगावला आणल्या. अशा बाईने म्हणायला हवं होतं, की पाप समाजाचं आहे, मी ते धुतेय. पण आपल्या साक्षीत त्या वेगळंच लिहितात. १८८३ साली बाप्तिस्मा झाला, आणि सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त मिळालेला नाही. आपला विश्वास बुद्धीचा होता, आपल्या पापाचा प्रश्न तसाच राहिला होता. या वाटेवर त्यांच्या वाचनात हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं पुस्तक आलं. हा हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये पाळक होता आणि १८५१ साली स्वतःच उपदेश करत असताना त्याचं स्वतःचं मनपरिवर्तन झालं! पाळकाला स्वतःच्या उपदेशाने जाग यावी, ही गोष्ट रमाबाईंसारख्या विदुषीने मनावर घेतली. आम्ही घेऊ का?

त्यांच्याच मुक्ती सदनात १९०५ च्या जूनमध्ये मोठं संजीवन झालं. मुली रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. आज त्याबद्दल बोलताना आमचे लोक अग्नीच्या आणि अन्य भाषांच्या गोष्टी रंगवून सांगतात. त्या मुलींनी आपापली पापं कबूल केली, हा भाग एका वाक्यात उरकतात. आम्हाला संजीवन हवंय, पण कबुलीचा तेवढा भाग वगळून.

तिसरा आक्षेप सगळ्यात भक्तिपूर्ण आहे: "येशूने सगळं फेडलंय. आता उकरून काय काढायचं?" हे वाक्य मी स्वतः वीस वर्षं वापरलं, म्हणून त्याची धार मला माहीत आहे. डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन पाळकाने १९३७ साली एका पुस्तकात याच प्रकाराला स्वस्त कृपा म्हटलं. पश्चात्तापाशिवायची क्षमा, माणसाला न सुधारता पापालाच बरं म्हणणारी. दोन वर्षांनी दुसऱ्या एका पुस्तकात त्याने आणखी टोचणारी गोष्ट मांडली. एकट्याने देवापुढे कबुली देणं आपल्याला इतकं सोपं का जातं आणि दुसऱ्या माणसापुढे इतकं जड का जातं? कदाचित आपण देवापुढे नाही, स्वतःपुढेच कबूल करत असू आणि स्वतःच स्वतःला माफ करत असू. हा माणूस लेखणीवर थांबला नाही. हिटलरविरुद्धच्या कटाशी संबंध असल्यामुळे त्याला ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबर्गच्या छळछावणीत फाशी दिलं. त्यामुळे त्याला 'अतिसंवेदनशील' म्हणून बाजूला सारणं जरा कठीण आहे.

आणि पवित्र शास्त्र काय सांगतं? लेवीय आणि गणना या पुस्तकांत स्पष्ट आहे: शेजाऱ्याचं काही लुबाडलं असेल तर मुद्दल परत, वर पाचवा हिस्सा, आणि ते त्याच माणसाला. मगच वेदी. येशूनेही डोंगरावरच्या प्रवचनात तेच सांगितलं, की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. जक्कय जकातदाराने येशूला घरी जेवायला घातलं तेव्हा तो "प्रभू, मी पापी आहे" असं मोघम बोलला नाही. त्याने हिशेब मांडला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट. तारणाची गोष्ट येशूने त्यानंतर काढली. संडेस्कूलात आम्हाला जक्कय शिकवला तो झाडावर चढणारा बुटका म्हणून. कृतीसह गाणं होतं. हिशेबाच्या भागाला कृती नव्हती.

आता माझा हिशेब. कारण वर लिहिलेलं सगळं नाथानाच्या बाजूने लिहिलंय, आणि मी नाथान नाही.

नगरचं घर वडिलांच्या नावावर होतं, हे नातेवाईक जाणतात. आई आधीच गेली होती. वडील २००३ साली गेले. मृत्युपत्र नव्हतं. आम्ही दोघंच, ताई आणि मी. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेदच नाही, सरळ निम्मं निम्मं. (केरळातल्या कित्येक ख्रिस्ती बहिणींना तो हक्क मेरी रॉय यांच्या खटल्यामुळे १९८६ साली मिळाला. आमच्याकडे तो आधीपासूनच होता.) मला हे माहीत होतं. ताईला माहीत नव्हतं. २००४ साली मी तिला जालन्याहून बोलावून घेतलं आणि सांगितलं, "कर्ज काढायचंय, बँकेसाठी एका कागदावर तुझी सही लागेल, नुसती फॉर्मॅलिटी आहे." तो कागद हक्कसोडपत्र होता. ती वाचायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "अगं, माझ्यावर विश्वास नाही का?" तिने वाचणं थांबवलं आणि सही केली. बाहेर आल्यावर आम्ही मिसळ खाल्ली. पैसे तिने दिले, मला देऊ दिले नाहीत. पुढे २०११ साली मी घर विकलं.

नातेवाइकांमध्ये मी असं सांगत आलो, की ताईने आनंदाने हक्क सोडला, माहेर टिकावं म्हणून. हे खोटं आहे. इथे लिहून ते मागे घेतो.

त्या जेवणाच्या सुट्टीनंतरच्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी उठलो नाही, बाकावरच बसून राहिलो. नंतर तिघांनी विचारलं, तब्येत बरी नाही का? तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आमच्यात माणूस प्रभुभोजन न घेता बसला तर पोट बिघडलं असेल असं वाटतं. पाप आठवलं असेल, ही शंकाही येत नाही.

मी जालन्याला गेलो. ताईने चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, कागदाचं नावही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला घर विकल्यावर कळलं होतं. तू कधी बोलतोस याची वाट बघत होते." मी माफी मागितली. मनात कुठेतरी असं होतं, की आता ती रडेल, मी रडेन, आणि आम्ही प्रार्थना करू. ती म्हणाली, "तुला माफी मागायला वीस वर्षं लागली. मला माफ करायला चहा होईपर्यंतचा वेळ देतोस होय?"

या वाक्याला माझ्याकडे वचन नव्हतं, आणि असतं तरी मी ते तोंडावर मारणार नव्हतो. मित्राच्या त्या विनोदातली चूक मला तिथे कळली. कबूल केलं की खातं कोरं होत नाही. कबूल केलं की खातं उघडतं. देव क्षमा करतो यावर माझा विश्वास आहे, त्यावरच मी उभा आहे. पण देवाच्या क्षमेची पावती दाखवून ताईकडून वसुली करता येत नाही.

मी तिच्या निम्म्या वाट्याची रक्कम काढली, त्यावर शास्त्राप्रमाणे पाचवा हिस्सा धरला. एकदम देण्याची ऐपत नाही, तेव्हा हप्ते सुरू केले. ताईने पहिला हप्ता घेतला. "घेतेय याचा अर्थ मिटलं असं नाही," हेही सांगितलं. हे इथे लिहू का, असं विचारलं तर म्हणाली, "लिही. पण मला मोठ्या मनाची वगैरे करू नकोस." म्हणून करत नाही.

पाळकसाहेबांनाही जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग हळूच म्हणाले, त्यांच्याही घरी असाच एक कागद आहे. पुढचं त्यांचं त्यांनी बघायचं आहे.

असो. माझी मागणी फार मोठी नाही. छापील पापांगीकार तसाच राहू दे. फक्त तो म्हणण्याआधी दोन मिनिटं शांतता ठेवू या, आणि त्या दोन मिनिटांत प्रत्येकाने 'आम्ही'तून बाहेर येऊन एका माणसाचं नाव आणि एक तारीख आठवावी. ज्याला काहीच आठवणार नाही त्याने खुशाल पुढे येऊन प्रभुभोजन घ्यावं. ज्याला आठवेल त्याने बाकावर बसून राहावं आणि दुपारची गाडी पकडावी.

मामा, काका, फोन करायचा असेल तर आता करा. पण त्याआधी आपापल्या कपाटातले कागद एकदा वाचून घ्या.